वाटची सुकडी

दादाचं पुस्तक छापून आलं आणि आईनं रात्रीचं जेवण सोडलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे आमच्या घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिरूरला कॉलेजात मराठी शिकवायचा. त्यानं आमच्या घराची कहाणी लिहिली होती. लवकर गेलेले वडील, आई, शिरूरच्या पलीकडचं आमचं कोरडवाहू गाव, बहात्तरचा दुष्काळ, आणि त्या सगळ्यातून शिकून प्राध्यापक झालेला तो स्वतः. प्रकाशन एका मंगल कार्यालयात झालं. आईला स्टेजवर बसवलं होतं. पाहुण्यांनी पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवला. दुष्काळी कामावर आई खडी फोडायची, तिथं सरकारी सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेल्या पिठाची गोडसर कोरडी भुकटी. आई आपल्या वाटची सुकडी तोंडात न घालता पदराच्या गाठीला बांधून आणायची आणि संध्याकाळी दादाच्या ओंजळीत सोडायची. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मग आईच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. आई मान खाली घालून बसली होती. आम्हाला वाटलं, लाजली.

मी तिसऱ्या रांगेत बसून जळत होते. खोटं कशाला बोलू? एवढ्या जाड पुस्तकात माझ्या वाट्याला दोन ओळी. ‘धाकटी बहीणही होती. ती शेजाऱ्यांच्या शेळ्यांमागे जायची.’ झालं, संपली बहीण. दादाच्या ओंजळीत सुकडी पडत होती, तर मी काय वारा पिऊन वाढले? लेकाला आधी आणि लेकीला उरलंसुरलं, हे आमच्याकडं कुणाला नवीन नाही. पण ते छापायचं, वर त्याला माया म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या, हे मला काही केल्या गिळवेना.

त्या दिवशी रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. वहिनीला वाटलं, कसला तरी उपास धरला असेल. दादा म्हणाला, वय झालं. शिरूरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. सकाळी चहात बुडवून अर्धी भाकरी, दुपारी दोन घास, आणि दिवस मावळला की तोंडाला कुलूप. विचारलं की एकच उत्तर, “जात न्हाई गं.” दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी गेले आणि तिला दौंडला माझ्या घरी घेऊन आले. मनात म्हटलं, सून घालत नसेल, लेक घालील. असा माझा तोरा.

तो तोरा आठवड्यात उतरला. हुलग्याची शेंगोळी केली, भरीत केलं, बाजरीची भाकरी आणि ताजं लोणी ठेवलं. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत होता. त्याची फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी मुद्दाम तिच्या पंगतीला बसायचा, जावयाच्या भिडेनं तरी खाईल म्हणून. आई पदर सावरायची, घास मोडायची, तोंडापर्यंत न्यायची आणि परत ताटात ठेवायची. एकदा तर मी चिडून ताट आपटलं. तिनं सांडलेलं बोटांनी गोळा केलं. मी आत जाऊन रडले.

आमच्या वाचक मंडळात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईला तपासलं, रक्त-लघवी सगळं बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आजार काही सापडत नाही, पण अशाच राहिल्या तर पुढचा पावसाळा बघणार नाहीत.

हे वाचक मंडळ म्हणजे दौंडातल्या आम्हा आठ-दहा जणांची पुस्तकांची भिशी होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलायचं आणि जेवायचं. त्यात एक रिवाज पडला होता, तो भाभींमुळं. भाभी नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. पिढ्यानपिढ्या दौंडात राहिलेलं मुसलमान घर, आणि मराठी अशी की आम्ही चार-चौघी त्यांच्यापुढं तोंड उघडायला बिचकायचो. त्यांनी ठरवलं, ज्याच्या घरी बैठक त्यानं पुस्तकात असेल तेच जेवण करायचं. म्हणजे तोंडाला चव कळते आणि न वाचता आलेला पकडला जातो. ह्या रिवाजानं आमचे हालही केले. एकदा कोकणातलं पुस्तक निवडलं, आणि पुण्याहून आणलेल्या मासळीचा वास त्या घरातून चार दिवस हटला नाही. एकदा पुस्तकातला माणूस सबंध कथेत चहाशिवाय काही घेत नव्हता, तर त्या महिन्याच्या यजमानांनी खरंच नुसता चहा दिला. लोक घरी जाऊन पिठलं-भात टाकून जेवले.

तर भाभींची पाळी आली आणि त्यांनी दादाचं पुस्तक निवडलं. माझ्या भावाचं म्हणून कौतुकानं निवडलं. दादालाही बोलावलं. मला म्हणाल्या, आईंनाही आणा, आम्हाला त्यांना बघायचंय. मी नको म्हणणार होते. मग विचार केला, चार माणसांत बसली, हसली-बोलली, तर दोन घास जातील. घरात रुसलेलं लेकरू शेजारच्या घरी पोटभर जेवतं, तसं. काय करणार आहेत हे मी भाभींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते तुम्हाला सांगत नाही, आईंसाठी खास आहे. मी हसले. मला त्या क्षणी कळायला हवं होतं, पण कळलं नाही.

उन्हाळा लागला होता. त्या साली परत पाऊस हुकलेला, शिरूरकडं टँकर चालू होते. दादा मोटारसायकलवरून आला, इस्त्रीचा झब्बा, खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकाच्या प्रती. आला तसा आईच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला पण बोलली नाही. दिवस मावळायच्या सुमाराला भाभींच्या पुढच्या खोलीत सतरंज्या घालून पंगत बसली. आईला भिंतीला टेकून बसवलं, मी तिच्या शेजारी, दादा समोर.

जेवण बघून मंडळी खूश झाली. ज्वारीची भाकरी, पावसाळ्यात वाळवून ठेवलेल्या रानातल्या तरवट्याच्या पाल्याची भाजी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. सगळं दादाच्या पुस्तकातलं, दुष्काळात खाल्लेलं. पण भाभींच्या हातची भाजी लसणाच्या फोडणीची, माडग्यावर तुपाची धार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुष्काळ असा असेल तर दर वर्षी पडू दे. सगळे हसले. दादाही हसला. आईनं भाकरीचा तुकडा मोडून ताटात ठेवला होता, तो तसाच होता.

मग भाभी आतून एक वाटी घेऊन आल्या आणि आईच्या ताटात स्वतःच्या हातानं ठेवली. म्हणाल्या, हा मान तुमचा, आधी तुम्ही खा, मग आम्ही घेऊ. वाटीत सुकडी होती. गव्हाचं पीठ तुपात भाजलेलं, गूळ, वेलदोडा, वर काजूचे तुकडे.

आईचा हात मांडीवरच राहिला. नजर वाटीवरून हलेना. मी कानात म्हटलं, आई, थोडी खा, त्यांचं मन मोडेल. तिनं मान हलवली नाही.

बाकीच्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण बोलणं सुरू झालं होतं. आमच्यात जेवता जेवताच बोलायचं. कुणी म्हणालं, आईचं चित्र फार सुंदर उतरलंय. कुणी म्हणालं, अशा माउल्या आता होणे नाही. डॉक्टरीणबाईंनी पुस्तक उघडून सुकडीचा तोच उतारा पुन्हा वाचायला घेतला. ‘स्वतः उपाशी राहून’ इथपर्यंत त्या आल्या आणि मला काय झालं कुणास ठाऊक. तीन महिने साठलेलं होतं. नुसते तीन महिने कशाला, जन्माचं साठलेलं होतं. मी म्हटलं, थांबा.

“दादा, तुझ्या ओंजळीत सुकडी पडत होती तेव्हा मी कुठं होते?”

दादा दचकला. मग शिक्षकासारखं समजुतीनं बोलायला लागला. हे माझ्या आठवणींचं पुस्तक आहे, प्रत्येकाचं सगळं त्यात कसं येईल, आणि इथं चार लोकांत हा विषय कशाला. मी म्हटलं, चार लोकांतच कशाला म्हणजे? तू चारशे लोकांत वाचून घेतलंस ते चाललं. मी नऊ वर्षांची होते. मलाही पोट होतं. आईनं तुला दिलं आणि मला दिलं नाही, हे जर खरं असेल तर ते तसं लिही, माया-बिया लिहू नकोस. डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटलं. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. भाभी दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला.

आणि आई बोलली. आवाज चढवला नाही. वाटीकडं बघतच बोलली.

“माझ्या वाटची नव्हती ती.”

दादा म्हणाला, आई, असू दे, तू जेव. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

“माझी मी खात व्हते. तिथंच, खडीवर बसून. न खाऊन कसं चालंल? मी पडले असते तर समदीच गेली असती. तुला आणत व्हते ती पोरीच्या वाटची. बारकीच्या.”

बारकी. हा शब्द कानावर पडला आणि मला एकदम बाभळीला बांधलेली झोळी आठवली. लुगड्याची झोळी, त्यातून बाहेर आलेला एक पाय. आम्हाला एक बहीण होती. दुष्काळाच्या ऐन मध्यात गेली. ताप आला आणि गेली, असं आम्हाला सांगितलं होतं, आणि पुढं घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. दादाच्या पुस्तकात ती नव्हतीच. आणि मी, माझ्या दोन ओळींसाठी भांडणारी, मला ती नाही हे दिसलंही नव्हतं.

आई हळूहळू सांगत होती. कामावरच्या बायकांच्या लहान पोरांनाही माणशी एक माप सुकडी मिळायची. बारकीला दात आले होते, भिजवून दिली असती तर तिनं खाल्ली असती. ती अजून अंगावर पीत होती म्हणून आईनं मनात हिशेब केला, ही दुधावर निभंल, मोठ्यांना घालू. बारकीचं माप ती पदराच्या गाठीला बांधायची.

“दूध कुठं व्हतं मला?” आई म्हणाली. “कोरडीच वढायची ती. मला समजत व्हतं. समजत न्हवतं असं न्हाई.”

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, “आई, तुझी आठवण गोंधळतेय. तसं नव्हतं ते.” आणि मग पुस्तकाला हात लावून म्हणाला, मला चांगलं आठवतंय, तू स्वतः सांगायचीस माझी सुकडी म्हणून. आई म्हणाली, व्हय, तसंच सांगायचे. दुसरं काय सांगणार व्हते तुला, बारा वर्साच्या पोराला? तुझ्या घशाखाली उतरली असती का? इतकी वर्सं ते खोटं माझंच व्हतं, माझ्याजवळ व्हतं. तू ते लोकांत वाचून घेतलंस, आन् माझ्या अंगावर शाल घातली. तवापासनं घास उचलला की तिचं तोंड दिसतंय.

बाहेर रेल्वेची शिट्टी वाजली. दौंडात दर थोड्या वेळानं वाजते, एरवी आमच्या कानाला ती ऐकूही येत नाही.

मग आईनं भाभींकडं मान वळवली. म्हणाली, बाई, एक रिकामं ताट असंल का. भाभी म्हणाल्या, आहे. आई म्हणाली, “तिचं कवा ताट वाढलं न्हाई. बारक्या जिवांचं पित्तर घालत न्हाईत आमच्यात. माती दिली आन् झालं. आज वाढ तू.”

हे सांगताना माझ्या मनात अजून कालवतं. पितरांच्या महिन्यात आमच्याकडं वडिलांचं ताट वाढायचे, आजा-आजीचं वाढायचे. दुधपित्या पोरीचं कोण वाढणार? रीतच नाही. आणि इतक्या वर्षांनी आईनं ते मागितलं कुणाकडं, तर एका मुसलमान बाईकडं, जिच्यात ही रीतच मुळात नाही. भाभींनी एका शब्दानं विचारलं नाही, हे कसं करायचं, कुठं ठेवायचं. डोक्यावरून ओढणी घेतली, आत जाऊन स्वच्छ ताट आणलं, भाकरी, भाजी, माडगं, सगळं थोडं थोडं वाढलं. आईनं आपल्यासमोरची वाटी उचलून स्वतः त्या ताटात ठेवली. सतरंजीवर थोडी जागा करून दिली आम्ही. आईनं पोरीचं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही. ती ज्यांची होती त्यांनी ऐकलं, पुरे.

दादा उठला. हात धुतले, चपला घातल्या आणि कुणाचा निरोप न घेता गेला. मोटारसायकल दोन-तीनदा किक मारल्यावर सुरू झाली. पुस्तकांची पिशवी भाभींच्याच घरी राहिली, ती न्यायला त्यानं कधी कुणाला पाठवलं नाही. त्या उताऱ्याचं त्यानं पुढं काय केलं हे विचारू नका. काही केलं नाही. मी त्याच्यावर फार चिडायची, आता तेवढी चिडत नाही. त्याच्या ओंजळीत काय पडलं होतं, हे त्याला चार लोकांसमोर कळलं. बिचाऱ्यानं काय करायचं होतं?

त्या संध्याकाळी आई जेवली. भाभींनी दुसरी वाटी आणली, त्यातली सुकडी तिनं चिमटी-चिमटीनं खाल्ली, आणि एवढंच म्हणाली, ह्यात तूप हाय, तवा न्हवतं. भाभी तोंड फिरवून आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा तांब्या आईकडं सरकवला. पुस्तकावर त्या दिवशी परत कुणी बोललं नाही, आणि आमच्या मंडळातला तो पुस्तकातलं जेवण करायचा रिवाजही तिथंच मोडला. कुणी ठरवून मोडला नाही. पुढच्या महिन्याच्या यजमानांनी गुपचूप मसालेभात केला आणि आम्ही सगळ्यांनी तो गुपचूप खाल्ला.

घरी आल्यावर मला फार हलकं वाटलं. आई जेवली, ह्या आनंदात मी दुसरा विचारच केला नाही. आई वाचली, आणि दादाचं पितळ उघडं पडलं. हेही म्हटलं पाहिजे, त्या हलकेपणात थोडा आनंद त्याचाही होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती, घरात आम्ही दोघीच. आईनं आपणहून विचारलं, काय केलंस गं जेवायला. मी भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, दोघी चुलीशी बसावं तशा गॅससमोर ताटं घेऊन बसलो. आई जेवत होती. बांगड्या हातावर खालीवर होत होत्या. मला तिची एवढी माया आली की सगळं जुनं मिटवून टाकावं असं वाटलं. म्हटलं, आई, मी उगाच तुझ्यावर रागावत राहिले जन्मभर. दादाला दिलंस आणि मला दिलं नाहीस म्हणून. आता बरं वाटतंय मला, की मला नाही दिलंस. निदान माझ्या पोटात तरी ते गेलं नाही.

आई चावायची थांबली. माझ्याकडं बघितलं. खोटं बोलावं की नको, असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं आणि गेलं. ती खोटं बोलली असती तर मी विश्वास ठेवला असता.

“तुला दिली की,” ती म्हणाली. “तुला तर आधी. दादा गप बसायचा. तू शेळ्या घेऊन यायचीस ती येतानाच माझ्या पदराला हात घालायचीस. गाठ तूच सोडायचीस.”

आणि मग मला आठवलं. चेहरे नाही, बोलणं नाही. फक्त ती गाठ. घामानं आवळलेली, दातानं सोडवावी लागणारी गाठ. जिभेला लागलेलं लुगड्याचं सूत, आणि मग गोड.

माझा घास हातातच राहिला. आईनं तो पाहिला. तिनं आपल्या ताटातलं पिठलं माझ्या भाकरीवर सारलं आणि लहानपणी म्हणायची तसंच म्हणाली, “जेव. गार व्हतंय.”

मी जेवले.